पैलवानानं भाकरी थापली तर?

प्रिय आक्का,
आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा दहाचा. तो पहाटे तालमीत जातो. मी नोकरी करते, म्हणून त्याला स्वतःचं ताट घासायची, कपड्यांच्या घड्या घालायची सवय लावली आहे. परवा तो हौसेनं भाकरी थापायला बसला, तर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पोराला बायल्या करून ठेवाल." सासूबाईंनी पुढ्यातली परात ओढून घेतली. मालक गप्प. मुलीचं टेन्शन नाही, ती शहाणी आहे, तिला सांगावं लागत नाही. माझं चुकतंय का?
– एक आई

तुझं चुकत नाही, बाळ. हे आधी सांगते, कारण लिहिताना तुझा जीव वरखाली झाला असणार.

पहिल्यांदा दिरांचं बघू. गंगावेस, मोतीबाग अशा आपल्या तालमींत बाहेरगावची पोरं राहून मेहनत करतात. त्यांना रांधून घालायला आई नसते. ती स्वतः स्वयंपाक करतात, बदाम घोटून थंडाई करतात, भांडी घासतात, हौद्यातली माती उकरतात. त्यांना बायल्या म्हणायची कुणाची छाती आहे? आणि मित्रांनी जमून मटण-रस्सा रांधायचा, त्या आपल्याकडच्या रस्सा मंडळात कांदा कोण चिरतं? चटणी किती पडायची, पांढऱ्याला नारळाचं दूध कधी सोडायचं, यावर तासभर खल करणारे सगळे बाप्येच असतात. कोल्हापूरच्या पुरुषाला चूल नवी नाही. घरातली रोजची चूल तेवढी नको असते, कारण तिथं वाहवा मिळत नाही आणि खरकटं उरतं. तुझा पोरगा नेमकं तेच शिकतोय. त्याला थांबवू नकोस.

पण तुझ्या पत्रातली एक ओळ मला टोचली. "तिला सांगावं लागत नाही." का लागत नाही गं? एकदा संध्याकाळी लेकीकडे नुसती बघत बस. काका दारात चप्पल काढतात तोवर ती उठलेली असेल, वहीत पेन तसंच अडकवून, पाण्याचा तांब्या घेऊन. परत येऊन गणित कुठं राहिलं ते शोधेल. जरा वेळानं कपबशा उचलायला पुन्हा उठेल. भाऊ शेजारीच असतो, त्याला हाक जात नाही. त्याच्या एका ताटाचं तू पत्रात लिहिलंस, तिच्या कामांचं एकही नाही.

आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. २०११ ला ८६३. सोनोग्राफीच्या मशीनला आपण बोल लावतो, लावायलाच हवा. पण मुलगी म्हणजे परक्या घरी जाऊन राबणारे हात, हा हिशेब मशीन यायच्या कितीतरी आधी घराघरांत मांडला गेला होता. म्हणून मला तांब्याची गोष्ट लहान वाटत नाही.

पाण्याचा तांब्या आजपासून दोघांकडे आळीपाळीनं. ती अभ्यासाला बसली की तिला हाक मारायची नाही, हे तूही पाळ.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. नातवाच्या मायेपोटीच त्यांनी परात ओढली. त्यांनाच म्हण, "आत्ती, याची भाकरी तव्यावर टाकताना मोडतीया, जरा दाखवा की." जोंधळ्याच्या पिठात उकळीचं पाणी किती घालायचं, तळहातानं कुठवर मळायचं, वरच्या अंगाला पाणी कधी फिरवायचं, हे सगळं त्यांच्या हाताला ठाऊक आहे आणि आजवर कुणी मानानं विचारलेलं नाही. शिकवायला बसलेली आजी परात ओढत नाही.

राहिले मालक. दिरांना उत्तर द्यायचं काम तुझं नव्हतं, त्यांचं होतं. भावानं पोराला तसं म्हटलं आणि बाप गप्प बसला, हे पोरानं पाहिलंय. दहा वर्षांच्या पोराला ते काकाच्या शब्दापेक्षा जास्त लागतं. हे पत्र त्यांना वाचायला दे. येत्या रविवारी दीर घरात असताना मटण त्यांनी करावं, पोराला हाताशी घेऊन. जेवणं झाल्यावर ते तेलकट पातेलंही दोघा बापलेकांनीच घासायला घ्यावं.

लेक सवयीनं उठेल बघ. तिला खाली बसव.

– तुझी आक्का