वाचकांचे प्रश्न : "ग्रंथपालाला काम काय असतं?"

प्रश्न : बाई, नमस्कार. मी सोलापुरातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये अर्धवेळ ग्रंथपाल आहे, बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालंय. पण कोणी सर रजेवर गेले की ऑफ तासाला मीच, यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरायला मीच, पेपरचे गठ्ठे मोजायलाही मीच. आणि वर स्टाफरूममध्ये ऐकायचं, तुम्हाला काय, निवांत पुस्तकात बसायचं. मुख्याध्यापकांशी भांडू की गप्प बसू?
– एक ग्रंथपाल, जुळे सोलापूर

उत्तर : गप्प अजिबात बसू नका. भांडायचंच असेल तर हातात रजिस्टर घेऊन भांडा, नुसत्या तोंडाने भांडलात तर "मॅडम जरा चिडक्या आहेत" एवढंच नाव होतं, माझंही झालं होतं.

मुळात गोम वरच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसकट सगळ्या विषयांची पुस्तकं पाहिजेत. छान. पण ते चालवणार कोण याबद्दल त्यात अवाक्षर नाही! त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीला चित्रकला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक दिलेत, तेही पट शंभराच्या वर असेल तर, ग्रंथपाल मात्र कुठेच नाही. आपल्याकडे ढोबळ हिशोब असा की मुलं हजाराच्या वर गेली तर पूर्णवेळ, पाचशेच्या वर असतील तर अर्धवेळ, म्हणजे तुमची नोकरी पुस्तकांवर नाही तर पटावर आणि संच मान्यतेवर (पटावरून सरकार शाळेला पदं मंजूर करतं, त्यावर) टांगलेली. मग संस्थेला वाटतं हे पद म्हणजे वरचा खर्च.

आता करायचं काय. देवघेव रजिस्टर तुमच्याकडे असेलच, त्याच्या शेजारी एक साधी वही घाला आणि त्यात रोज लिहा की कुठल्या वर्गातली किती मुलं आली, काय घेऊन गेली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं. "आठवी ब, दोन मुलं, क्रिकेटवरचं पुस्तक, नाही." "सहावी अ, तेलुगूत काही आहे का, नाही." महिनाअखेरीला त्याचं एक पान मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचं. सोबत किती ऑफ तास घेतले आणि त्या वेळात ग्रंथालय किती तास बंद राहिलं, तेही त्याच पानावर, टोमणा न मारता. तोंडी तक्रार सर विसरतात हो, कागद फाइलला लागतो.

ऑफ तासाला नाही म्हणू नका, वर्गच उचलून ग्रंथालयात आणा. चाळीस पोरं खाली सतरंजीवर बसली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक गेलं की तो तास तुमचा. आणि जूनमध्ये वेळापत्रक बनायच्या आधी पर्यवेक्षकांना गाठून प्रत्येक वर्गाला ग्रंथालयाचा एक तास मागून घ्या, एकदा वेळापत्रक भिंतीवर लागलं की मग कोणी ऐकत नाही.

एक विचारते, राग मानू नका. मधल्या सुट्टीत तुमची कपाटं उघडी असतात का? बहुतेक ठिकाणी नसतात, आणि त्याचं कारण आळस नाही, भीती आहे. पुस्तक हरवलं तर पैसे आपल्याकडून भरून घेतील ही भीती. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत असं आहे की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी धरता येतं, अट एवढीच की अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नको. हजार रुपयांच्या वरचं किंवा दुर्मीळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी करावीच लागते. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा, तुमच्या संस्थेवर तो आपोआप लागत नाही, पण शाळा समितीपुढे ठेवायला फार कामाचा आहे. तसा ठराव एकदा लिहून घ्या आणि कुलपं काढा. कपाटात सुरक्षित राहिलेल्या पुस्तकाचं कौतुक फक्त वाळवीला.

आणि आपल्या सोलापूरचं म्हणून वेगळं सांगते. विडी घरकुलातून, साखर पेठेतून येणारी कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. पाचवीतलं पोर मराठी वाचायला अडखळतं म्हणून त्याला बालवाडीचं पुस्तक दिलं की ते लाजतं, मित्रांसमोर हातात धरत नाही. त्याला चित्रं जास्त आणि मजकूर कमी असलेलं पण त्याच्या वयाचं पुस्तक द्या, 'किशोर'चे जुने अंक द्या (बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय, शाळेच्या माळ्यावर गठ्ठे सापडतील). कुठल्या मुलाला कुठलं पुस्तक, हे ज्याला कळतं तो ग्रंथपाल, गठ्ठे काय शिपाईमामाही मोजतील.

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, बी.लिब. करायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात पुस्तकं पुसायची नोकरी. स्कोप आहे का?
– एक आई, अशोक चौक

उत्तर : ताई, खरं सांगायचं तर खासगी अनुदानित शाळेच्या भरवशावर करू नका, तिथे जागा निघायची वाट बघण्यात वर्षं जातात. पण केंद्रीय विद्यालय आणि नवोदयमध्ये ग्रंथपालाला सातव्या लेव्हलचा पगार आहे, मूळ वेतन 44,900 पासून. कॉलेजला जायचं असेल तर एम.लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. बी.लिब. मुक्त विद्यापीठातूनही होतं. मात्र तिला कॉम्प्युटर आणि इंग्रजी पक्कं करायला सांगा.

नातेवाइकांना एवढं ऐकवा. ज्यांच्या जयंतीला, 12 ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन करतो ते रंगनाथन आधी गणिताचे प्राध्यापक होते. 1924 ला मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला इतके कंटाळले की परत शिकवायला जायचं म्हणत होते. लंडनला जाऊन ग्रंथालयं बघितली, मग कुठे डोक्यात शिरलं की ही वेगळीच विद्या आहे. गणितवाल्याला वेळ लागला, तर काकांना लागणारच की.

प्रश्न : फाटलेल्या पुस्तकांना सेलोटेप लावली तर चालेल का?
– एक शिक्षक, बार्शी

उत्तर : नका लावू सर. आपल्या उन्हात ती पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि काढायला गेलं की अक्षरांसकट निघते. पातळ कागदाची पट्टी आणि पाणी घालून सैल केलेला फेव्हिकॉल पुरतो. बायंडर लोक खळीत मोरचूद घालतात, किडा लागत नाही म्हणून, पण ते विष आहे, मुलांकडून चिकटवून घेणार असाल तर ती खळ शाळेत आणू नका.