तुमचा आवडता तारकासमूह कोणता? वेगवेगळ्या ऋतूंत तो कसा दिसतो?

माझा मृग. त्याची ओळख मला आकाशात नाही, शेतात झाली. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. सात-आठ जूनला मृग लागला की घरात पेरणीशिवाय दुसरा विषय नसायचा. पहिल्या पावसानंतर बांधावर मखमली लाल मृगाचे किडे फिरायचे. अशाच एका संध्याकाळी मी आबांच्या मागे लागलो, "आबा, मला मृग दाखवा ना." आबा म्हणाले, "आत्ता कुठनं दिसंल? सूर्य त्याच्याच घरात बसलाय. गणपतीत पहाटं उठ, दावतो."

मला वाटलं होतं, मृग लागला म्हणजे मृग आकाशात आला. खरं तर त्या दिवसांत सूर्य मृगाच्याच दिशेला असतो. मृग त्याच्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. म्हणजे शेतकरी ज्या पंधरवड्यात मृगाचं नाव सर्वांत जास्त घेतो, नेमका त्याच पंधरवड्यात तो दिसत नाही. तेव्हापासून हा तारकासमूह मला सोडत नाही.

आबांनी शब्द पाळला. भाद्रपदात साडेचारच्या सुमाराला धारा काढायला उठले तेव्हा मलाही उठवलं. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि पूर्वेकडे ढग फाटले होते. त्या फटीत आधी दिसला तो त्रिकांड बाण, एका रेषेतले तीन तारे. मग त्याच्या भोवतीचे चार तारे, म्हणजे हरणाचे चार पाय. वरच्या बाजूला तीन अंधुक ताऱ्यांचा पुंजका, ते डोकं, मृगशीर्ष. बाणाची रेषा खाली वाढवली की लखलखणारा व्याध. ज्यानं बाण मारला, तो अजून पाठलागावर आहे.

जुलैअखेरीलाही उजाडण्यापूर्वी मृग पूर्वेला आलेला असतो, पण आपल्याकडे ढग त्याला दिसू देत नाहीत.

तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात. महिन्याला दोन तास. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं वर्ष आपोआप उलगडतं. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असतं, तेव्हा दहा-अकराच्या दरम्यान मृग पूर्वेला उगवतो. त्या वेळी बाणाचे तीन तारे जवळजवळ उभे असतात. डिसेंबरात अंधार पडता पडताच तो वर येतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, पूर्ण चंद्र मृगाच्या आसपास असतो. महिन्याचं नावच त्यावरून पडलंय. चंद्रप्रकाशात अंधुक तारे बुजतात, तरी मी ती रात्र चुकवत नाही.

नीट निरखायचं असेल तर मात्र महाशिवरात्र निवडा. चतुर्दशीचा चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही, त्यामुळे आकाश काळंभोर मिळतं आणि रात्री आठच्या सुमाराला मृग दक्षिणेला खूप उंचावर असतो. बाणाच्या खाली लोंबणाऱ्या अंधुक ओळीत मधलं टिंब धुरकट दिसेल. साधी दुर्बीण लावा. तो सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग आहे, तिथे नवे तारे जन्माला येताहेत. आणि त्याच हरणाच्या एका पायावर तांबूस काक्षी, आयुष्याच्या अखेरीला आलेला महाराक्षसी तारा.

२०२०च्या महाशिवरात्रीला मी पुण्यात गच्चीवर होतो. काक्षीकडे पाहून पोटात कालवलं. एरवी तो हरणाच्या दुसऱ्या पायावरच्या निळसर राजन्याशी स्पर्धा करतो. त्या रात्री तो शेजारच्या पायावरच्या बेलाट्रिक्सपेक्षा जेमतेम उजवा वाटत होता. त्या हिवाळ्यात त्याचं तेज जवळपास दोन-तृतीयांशानं उतरलं होतं. आता स्फोट होणार अशी चर्चा सगळीकडे सुरू होती. पुढे कळलं की त्यानं बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली आणि तीच आपल्या बाजूनं त्याच्या आड आली. पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. लहानपणापासून पाहिलेल्या हरणाचा एक पाय विझतोय एवढंच दिसत होतं. मी रोज रात्री गच्चीवर जाऊ लागलो.

मग लॉकडाऊन लागला. २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. पश्चिमेला चंद्राची कोर, तिच्या शेजारी तळपणारा शुक्र, आणि त्यांच्या डावीकडे क्षितिजाकडे झुकलेला मृग. काक्षी पुन्हा पूर्वीसारखा पेटला होता. आणखी दोन-तीन आठवड्यांत सगळा मृगच संधिप्रकाशात बुडणार होता, म्हणून मी डोळे भरून पाहून घेतलं. मग गावी फोन लावला.

"आबा, मृगाचा लाल तारा परत आला."

"बरं झालं," आबा म्हणाले. "दीड महिन्यात मृग लागतोय. बियाणं आणून ठेवलंय."