वाचक विचारतात: गाडीचे दिवे

प्रश्न: डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकतो. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटरही मंद पेटतो. बल्ब बदलूनही फरक नाही.

उत्तर: नुसता वेग वाढला असता तर २१ वॉटचा बल्ब गेलाय किंवा त्याजागी एलईडी बसवलाय, असं म्हटलं असतं. पण ब्रेकबरोबर इंडिकेटर पेटतोय, म्हणजे मागच्या दिव्याची अर्थिंग (करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) गेली आहे. परतीची वाट बंद झाल्याने ब्रेकचा करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन होल्डरच्या अर्थच्या पत्तीला लावा (लांब वायर लागेल) आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष तिथेच. अर्थच्या वायरचा बॉडीवरचा बोल्ट खोला, गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. होल्डरची पत्ती हिरवट किंवा जळालेली असेल तर घासत बसू नका, होल्डरच बदला.

प्रश्न: दार उघडल्यावर आतला दिवा लागत नाही. फ्यूज ठीक आहे.

उत्तर: आधी दिव्याचा स्विच ‘डोअर’वर आहे ना पाहा. गाडी धुताना तो हमखास सरकतो. मग दाराचा स्विच तपासा.