लेसर रेंजिंगने दोन दूरच्या स्थानकांची घड्याळं जुळवायला लॅजिओससारखा नुसता परावर्तक उपग्रह पुरेल का?

नाही पुरणार. रेंजिंगमध्ये, म्हणजे उपग्रहावर लेसरचा स्पंद मारून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजताना, स्पंद निघाल्याची आणि परतल्याची वेळ एकाच घड्याळावर नोंदली जाते, त्यामुळे वजाबाकीत त्या घड्याळाची चूक निघून जाते. घड्याळ एक मायक्रोसेकंद पुढे असलं तरी अंतर बरोबरच येतं, फक्त ते चुकीच्या क्षणाच्या नावावर लागतं. लॅजिओस सेकंदाला सुमारे ५.७ किमी जातो, म्हणजे कक्षेत फरक पडला जेमतेम ६ मिमीचा. त्यातून पिकोसेकंद (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) शोधणं शक्य नाही.

उपग्रहावर परावर्तकाजवळ डिटेक्टर आणि इव्हेंट टायमर (स्पंद पोचल्याची नेमकी वेळ नोंदणारं उपकरण) हवाच. २००८ साली गेलेल्या जेसन-२ वरचं टी२एल२ हे फ्रेंच उपकरण तसंच होतं. दर स्पंदाच्या तीन नोंदी मिळतात: निघाला, उपग्रहावर पोचला, परतला. पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीची सरासरी काढून त्यातून दुसरी वजा केली की स्थानक आणि उपग्रह यांच्या घड्याळांतला फरक मिळतो. दुसऱ्या स्थानकाचाही असाच काढून दोन्हींची वजाबाकी करा. वातावरणाचा विलंब जाता-येता जवळपास सारखाच असल्याने सरासरीत उडतो, आणि ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशावर आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) परिणाम नगण्य असतो. रेडिओच्या तुलनेत मला हाच मोठा फायदा वाटतो. सान्याक दुरुस्ती मात्र विसरू नका: स्पंद जाऊन येईपर्यंत स्थानक पृथ्वीबरोबर काही मीटर सरकलेलं असतं, आणि तेवढ्याने काही नॅनोसेकंदांची चूक शिरते. डिटेक्टर आणि परावर्तक यांच्यातलं अंतरही धरावं लागतं, ३ सेंमी म्हणजे १०० पिकोसेकंद.

दोन्ही स्थानकांना उपग्रह एकाच वेळी दिसत असेल तर त्याचं घड्याळ हिशेबातून जवळजवळ गळून पडतं. अर्थात आकाश दोन्हीकडे निरभ्र हवं. जेसन-२ ची उंची १,३३६ किमी होती, त्यामुळे एका खंडातली स्थानकं जुळायची, महासागरापलीकडची बहुधा नाही. तिथे एका स्थानकावरून दुसऱ्यावर पोचेपर्यंतचा मधला वेळ उपग्रहाच्या ऑसिलेटरवर (त्याचं घड्याळ चालवणाऱ्या दोलकावर) काढावा लागतो. त्याची स्थिरता १०⁻¹³ धरली तरी १०,००० सेकंदांत एक नॅनोसेकंद जातो.

पण खरी डोकेदुखी जमिनीवरच असते. नेहमीचं कॅलिब्रेशन ठरावीक अंतरावरच्या लक्ष्यावर लेसर मारून होतं, आणि त्यातून पाठवण्याचा आणि घेण्याचा मिळून एकूण विलंब कळतो. अंतरासाठी तेवढं पुरतं. वेळेसाठी हे दोन विलंब वेगवेगळे माहीत हवेत, शिवाय घड्याळाच्या पीपीएस (दर सेकंदाला एक स्पंद देणाऱ्या) आउटपुटपासून टायमरपर्यंतचा विलंबही. हा शेवटचा विलंब रेंजिंगच्या कुठल्याच तपासणीत दिसत नाही. कोएक्सिअल केबलचा एक मीटर हिशेबात राहून गेला तर सुमारे ५ नॅनोसेकंदांची चूक होते, आणि तरीही अंतरं अगदी निर्दोष येत राहतात. म्हणून प्रत्येक केबलचा विलंब प्रत्यक्ष मोजा आणि एकच कॅलिब्रेशन संच दोन्ही स्थानकांवर नेऊन त्याच पद्धतीने तपासा. केबल, कनेक्टर किंवा टायमरचं ट्रिगर व्होल्टेज बदललं की हे सगळं पुन्हा करावं लागतं.