ई-बुकमध्ये दोन प्रसंगांमधली मोकळी जागा नाहीशी का होते? तिथे काय टाकावं?

तुम्ही विचारलंय की वर्डमधली कादंबरी ईपब (ई-बुकची फाइल) केल्यावर प्रसंग बदलताना दोनदा एंटर मारून सोडलेली जागा कुठे दिसते, कुठे दिसत नाही. मग खानापूर स्टेशनवर गाडीची वाट बघणारी बाई पुढच्याच ओळीत बेळगावच्या गणपत गल्लीत भाजीवाल्याशी कन्नडमधून घासाघीस करू लागते आणि वाचक चक्रावतो.

याला दोन कारणं आहेत. एक तर रूपांतर करताना रिकामे परिच्छेद बऱ्याचदा गाळले जातात. कॅलिबर या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदांमधलं अंतर काढायचा पर्याय चालू राहिला असेल तर परिच्छेदांमधली जागाही जाते. दुसरं कारण जास्त चिवट आहे. ई-बुकला ठरलेलं पान नसतं. वाचकानं अक्षर मोठं केलं की पानं नव्यानं पडतात. परिच्छेदाचं मार्जिन नेमकं पानाच्या शेवटी आलं तर ते शून्य धरायचं, असा सीएसएसचा, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा, नियमच आहे. म्हणून नुसती जागा सोडून भागत नाही, तिथे डोळ्यांना दिसणारी खूण हवी.

वर्डमध्ये त्या जागी तीन फुल्या (***) टाका. फुल्या टाकून एंटर मारला की वर्ड त्यांची ठिपक्यांची आडवी रेघ करून टाकतं. ती रेघ म्हणजे वरच्या परिच्छेदाला लागलेली बॉर्डर असते आणि ईपबमध्ये ती भलतीच दिसते. लगेच कंट्रोल-झेड दाबा, किंवा ऑटोकरेक्टच्या 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' या भागातलं 'बॉर्डर लाइन्स' बंदच करून ठेवा. या फुल्यांच्या परिच्छेदांना वेगळी स्टाइल द्या, म्हणजे पुढे त्या एका झटक्यात सापडतात. मजकूर डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आला असेल तर फुल्या एकेक करून तपासा. तिथे त्याच कळीवर दुसरं अक्षर बसलेलं असू शकतं.

आता ईपब सिजिल या ईपब-संपादकात उघडा आणि शोधा-बदला वापरून फुल्यांचा प्रत्येक परिच्छेद काढून तिथे एचआर टॅग (आडव्या विभाजक रेघेचा एचटीएमएल कोड) घाला. एचटीएमएल ५ मध्ये एचआरचा अर्थच 'इथे प्रसंग किंवा विषय बदलला' असा आहे. स्क्रीनरीडर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याला विभाजक म्हणून ओळखतं. फुल्या तशाच ठेवल्या तर ऐकून वाचणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी तीनदा 'ॲस्टरिस्क' ऐकावं लागू शकतं.

पण एचआरची मूळची पूर्ण रुंदीची बारीक रेघ मराठीत अजिबात ठेवू नका. आपल्या प्रत्येक ओळीवर शिरोरेखा असते. तिच्यालगत आणखी एक बारीक रेघ आली की अक्षरं गळून पडलेल्या ओळीसारखी दिसते. त्यापेक्षा ठिपके उठून दिसतात. सीएसएसमध्ये एचआरची बॉर्डर आधी शून्य करा, मग फक्त वरची बॉर्डर ०.३ एम (अक्षराच्या आकाराबरोबर बदलणारं माप), डॉटेड. डावं-उजवं मार्जिन ४२ टक्के, म्हणजे मधे १६ टक्के रुंदीत ठिपक्यांची छोटी ओळ राहते. वरखाली मार्जिन १.५ एम. पिक्सेलमध्ये माप देऊ नका, नाहीतर अक्षर मोठं केल्यावर जागा तेवढीच राहते आणि उकार, रफार तिला खाऊन टाकतात.

ठिपके बॉर्डरचे असल्यामुळे त्यांना फॉन्ट लागत नाही, आणि मोठा फायदा तोच. वेलबुट्टीची चिन्हं बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये नसतात. वाचकाच्या यंत्रातही नसली की तिथे चौकोन उमटतो. (कन्नड संवाद कन्नड लिपीत ठेवले असतील तर त्यांचीही हीच गत होऊ शकते. त्यांच्यासाठी कन्नड फॉन्ट वेगळा जोडा आणि त्या मजकुराला कन्नडचा भाषा-कोड द्या.) चित्राची नक्षी हवीच असेल तर मधला करडा रंग घ्या. पारदर्शक पार्श्वभूमीवरची काळी नक्षी नाइट मोडमध्ये दिसेनाशी होते, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीची असेल तर काळ्या पानावर पांढरा ठोकळा दिसतो.

खुणेनंतरच्या पहिल्या परिच्छेदाला आतून सुरुवात नको. त्याला वेगळा क्लास (सीएसएसमध्ये ओळखायचं नाव) देऊन टेक्स्ट-इंडेंट शून्य करा. 'एचआरच्या लगेच नंतरचा परिच्छेद' असा सीएसएस सिलेक्टरही चालतो, पण जुन्या वाचनयंत्रांवर क्लासच खात्रीचा. प्रकरणाच्या शेवटच्या प्रसंगानंतर मात्र खूण टाकू नका. पुढे आणखी मजकूर आहे असं वाटतं.

शेवटी फाइलमधल्या चुका शोधणारं ईपबचेक चालवा, मग किंडलवर पुस्तक कसं दिसेल ते दाखवणाऱ्या किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये आणि एखाद्या साध्या फोनवर फाइल उघडा. अक्षर सगळ्यात लहान, मग सगळ्यात मोठं करून प्रत्येक खूण बघा, विशेषतः पानाच्या तळाशी आणि माथ्यावर आलेली. खूण एकटीच पुढच्या पानाच्या माथ्यावर जात असेल तर एचआरला 'पेज-ब्रेक-बिफोर: अव्हॉइड' द्या. सगळी यंत्रं ते पाळत नाहीत, पण तिथेही ठिपके दिसतातच, आणि गाडी खानापुरात सुटली हे वाचकाला कळतं.