हप्ता नंतर, आधी आठ आठवडे

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बी.कॉम. झालेला, मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. त्याला ऑनलाइन एमबीए करायचंय. फी दीड लाखाच्या आसपास, हप्त्यांनी भरायची. वडील विचारतात, "मोबाइलवरच्या डिग्रीला कोणी विचारतं का? त्यापेक्षा नोकरी सोडून दोन वर्षं रीतसर कॉलेजात घालावी का? आणि ते काउन्सिलर रोज फोन करतात, आजच सीट भरली नाही तर गेली म्हणून." पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे : "याआधी मोबाइलवर तीन-चार कोर्स सुरू करून अर्धवट सोडलेत."

सप्रेम नमस्कार,

खरं दुखणं तुम्ही त्या शेवटच्या ओळीत लिहिलंत. तिच्याकडे येतेच. आधी डिग्रीचं बघू, ते लवकर उरकेल.

आपल्या वेळी "बाहेरून बी.ए. केलं" असं म्हणताना लोकांचा आवाज जरा खाली जायचा. टपालानं नोट्स यायच्या, वर्षाच्या शेवटी परीक्षा. ती सावली अजून ऑनलाइनवर पडते. पण यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमावलीनुसार मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या वर्गातल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. सरकारी परीक्षांना, पुढच्या शिक्षणाला ती चालते. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, कायदा, फार्मसी, नर्सिंग असे काही अभ्यासक्रम मात्र ऑनलाइन पदवीसाठी बंदच आहेत. एमबीए त्यात नाही.

मान्यता तपासायला दहा मिनिटं लागतात. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या अभ्यासक्रमासाठी, कोणत्या सत्रापुरती परवानगी आहे ती यादी असते. विद्यापीठाचं नाव दिसलं की थांबू नका, 'एमबीए' आणि 'ऑनलाइन' हे दोन्ही शब्द आणि चालू सत्र तिथे आहे का ते बघा. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला त्याच ब्युरोचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, काढावा लागतो. त्यासाठी शिकून मिळवलेली क्रेडिट्स जिथे जमा होतात त्या अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं लागतं. हे मुलानंच करावं. "तुमच्या वतीनं आम्ही काढून देतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणावं.

आता ते रोजचे फोन. तो माणूस बहुधा विद्यापीठाचा नसतो, प्रवेश मिळवून देणाऱ्या एखाद्या अॅप-कंपनीचा असतो आणि त्याला महिन्याचं टार्गेट असतं. मलाही काउन्सिलरच म्हणतात, म्हणून जरा लाज वाटते. यूजीसीच्या नियमात फ्रँचायझी देऊन अभ्यासक्रम चालवायला मनाई आहे. तेव्हा फी थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते का, आणि 'हप्ता' म्हणजे नेमकं काय, हे विचारा. बहुतेक वेळा ते एखाद्या वित्तकंपनीचं कर्ज असतं. मुलानं तिसऱ्या महिन्यात अभ्यास सोडला तरी हप्ता चालूच राहतो. आणि ऑनलाइनमध्ये वर्गाचे बाक मोजायचे नसतात, तेव्हा "आजच सीट जाईल" हे सहसा नुसतं घाबरवणं असतं. प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलैच्या सुमारास आणि जानेवारीच्या.

नोकरी सोडायची का? माझ्या मते नको. आपल्या गुजरातेत सीमॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन एसीपीसी या राज्याच्या प्रवेश समितीमार्फत चांगलं कॉलेज मिळत असेल, तर वर्गातल्या एमबीएमध्ये प्लेसमेंट आणि सोबतची मुलं मिळतात, हे खरं. ऑनलाइनमध्ये ते दोन्ही पातळ असतं, माहितीपुस्तिकेत काहीही छापलेलं असो. पण चालू पगार सोडण्याइतकी निकड तुमच्या पत्रात दिसत नाही. उलट त्याला अकाउंट्समध्येच वर चढायचं असेल, तर एमबीएआधी सीएमएचा, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या अभ्यासक्रमाचा, विचार करावा असं मी सुचवीन. पदवीधराला थेट इंटरमीडिएटला बसता येतं आणि बडोद्यात त्या संस्थेचं चॅप्टर आहे. हा वेगळा विषय, त्यानं स्वतः विचारला तर बोलू.

तर आता ती बारीक अक्षरातली ओळ.

ऑनलाइन पदवी म्हणजे व्हिडिओंचा ढीग, असा समज असतो. प्रत्यक्षात आठवड्याचा एक गठ्ठा असतो. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, वाचायचं साहित्य, चाचणी, चर्चेत लिहायचं, आणि संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी एखादा लाइव्ह तास. अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के, सत्राच्या शेवटच्या परीक्षेला किमान ७० टक्के. परीक्षा केंद्रावर असते किंवा घरून, कॅमेऱ्याच्या पहाऱ्यात. वर्गात घंटा वाजते, हजेरी होते, शेजारचा मुलगा "सबमिट केलंस का?" विचारतो. इथे घंटा आपणच वाजवायची. मुलगा हुशार आहे का, याला त्या मानानं कमी महत्त्व आहे.

त्याचा महिना बघा ना. तो अकाउंट्सला आहे, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रं आलीच, ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी. सप्टेंबरात ऑडिटची धावपळ, मार्चमध्ये वर्षअखेर. असाइनमेंटची शेवटची तारीख या तारखांवर येऊन आदळणारच. रात्री नऊला घरी येऊन जेवताना व्हिडिओ लावला तर तो बघून होतो, डोक्यात काही उरत नाही. व्हिडिओ थांबवून, वही पुढे ओढून, आत्ता काय ऐकलं ते न बघता चार ओळींत लिहिलं तरच काही हाती लागतं. त्याला वेळ दुप्पट लागतो.

अर्धवट सोडणारा तो एकटा नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स, तो शिकवणाऱ्या दोघांनी इंटरनेटवर सगळ्या जगाला मोफत खुला केला. नावं नोंदवली सुमारे १,६०,००० जणांनी, शेवटपर्यंत पोचले सुमारे २३,०००. मीही संख्याशास्त्राचा एक कोर्स घेतला होता. गणपतीपर्यंत रेटला, मग नवरात्र आलं. नऊ दिवस गरबा, दहाव्या दिवशी झोप, आणि अकराव्या दिवशी पासवर्ड आठवेना.

आपल्या बडोद्यात हा खेळ शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि पुढे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव फिरती वाचनालयं गेली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीपाशी गेले की मला त्या पेट्या आठवतात. पेटी गावात पोचवणं राज्याच्या हातात होतं. गावात ती उतरवून घेणारा आणि पुस्तकं वाटून परत मागणारा माणूस लागायचाच. तुमच्या घरी पेटी मोबाइलवरून येऊन पडली आहे.

म्हणून माझा सल्ला असा. दीड लाखाआधी हजार रुपयांची परीक्षा घ्या. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ पासून आहे, त्यावर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे कोर्स असतात, अकाउंटिंग-फायनान्सचेही. शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला १,००० रुपये. आठ आठवड्यांचा कोर्स निवडा. दर आठवड्याला असाइनमेंट, आठांतल्या उत्तम सहांचे गुण धरतात, त्याला शंभरांपैकी २५. केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. सत्रं साधारण जुलैत आणि जानेवारीत सुरू होतात. त्यानं जानेवारीचंच घ्यावं, कारण त्यात मार्च येतो. मार्च सांभाळून परीक्षेपर्यंत गेला, तर एमबीएची फी खुशाल भरा. चौथ्या आठवड्यात गळाला, तर निदान कर्ज डोक्यावर नाही.

या आठ आठवड्यांत तुम्ही "झालं का, झालं का" विचारू नका, एवढं माझ्यासाठी करा. घरातली घंटा वडिलांनी वाजवली तर परीक्षा तुमची होईल. त्यापेक्षा ऑफिसातला एखादा मित्र सोबत नाव नोंदवत असेल तर उत्तम.

त्याला मला भेटायचं असेल तर २० तारखेनंतरच्या शनिवारी, दुपारी चारनंतर यावं. येताना लॅपटॉप आणावा, आणि त्या सोडलेल्या तीन-चार कोर्सची नावं. कोणता कोर्स कुठल्या आठवड्यात सुटला, ते मला त्याच्याकडूनच ऐकायचंय.