स्पर्धकाच्या वेबसाइटची पानं कुठल्या कीवर्डसाठी लिहिली आहेत, हे कसं शोधायचं?

तुमचं कोथरूडला मॉड्युलर किचनचं काम आहे आणि कर्वे रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानाची साइट गूगलवर तुमच्या वर दिसते. ती कुठले शब्द धरून चालली आहे, हा तुमचा प्रश्न. महागडं टूल आत्ताच घेऊ नका. छोट्या स्थानिक साइटबद्दल अशा टूल्सकडे माहिती तुटपुंजी असते, आणि आकडेही अंदाजाचे.

मी आधी साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, बघतो. स्पर्धकाच्या डोमेनपुढे स्लॅश देऊन रोबोट्स डॉट टीएक्सटी (robots.txt) टाका. साइटमॅपचा पत्ता बहुधा तिथेच असतो. त्यातले पानांचे पत्ते नीट वाचा. कोथरूड, बाणेर, वाकड अशी भागवार पानं दिसली, तर रोख लगेच कळतो.

मग एकेक पान उघडून कंट्रोल-यू दाबा, म्हणजे पानाचा कोड दिसेल, आणि त्यात टायटल टॅग (पानाचं शीर्षक) व एच-वन (पानावरचा मुख्य मथळा) बघा. शोधनिकालात दिसणाऱ्या शीर्षकावर जाऊ नका, गूगल ते पुष्कळदा बदलून दाखवतं. कोडमधल्या मेटा कीवर्ड टॅगवरही, म्हणजे साइटवाल्याने लिहिलेल्या कीवर्डच्या यादीवरही, विसंबू नका; तो क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने 2009 मध्येच सांगितलंय. पानं खूप असतील तर स्क्रीमिंग फ्रॉग हे साइटची सगळी पानं वाचून यादी देणारं सॉफ्टवेअर वापरा, 500 पत्त्यांपर्यंत फुकट चालतं. त्यात इनलिंक्समध्ये (पानाकडे येणाऱ्या लिंक) अँकर टेक्स्ट, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक दिली आहे ते शब्द, जरूर बघा. स्वतःच्याच दहा पानांवरून एका पानाला ‘एल शेप किचन पुणे’ याच शब्दांनी लिंक दिली असेल, तर त्या पानाचं लक्ष्य तेच. टायटलपेक्षा हा पुरावा मला पक्का वाटतो.

पुढे गूगल ॲड्सच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये, म्हणजे कीवर्ड सुचवणाऱ्या टूलमध्ये, त्या पानाचा पत्ता द्या, ‘फक्त हे पान’ निवडा, ठिकाण पुणे ठेवा. इथे दोन चुका हमखास होतात. ‘कॉम्पिटिशन’चा रकाना जाहिरातदारांची चढाओढ सांगतो, क्रमवारीची नाही. आणि जे शब्द येतात ते पानाच्या मजकुरावरून सुचवलेले असतात. पान त्यांवर वर येतंच असं नाही.

ते तुम्हालाच शोधून बघावं लागतं. ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खासगी) खिडकीने ठिकाण लपत नाही, म्हणून वाकडला आणि कोथरूडला निकाल वेगळे दिसतील. गूगल ॲड्सच्या ॲड प्रिव्ह्यूमध्ये ठिकाण बदलून बघता येतं. स्पर्धक शोधनिकालातल्या नकाशाच्या चौकटीत वर असेल, तर मात्र पानातले शब्द उकरत बसू नका. तिथे गूगलवरच्या दुकानाच्या बिझनेस प्रोफाइलची कॅटेगरी, अंतर आणि रिव्ह्यू यांचं वजन जास्त.

एवढं झालं की त्यांच्या यादीत काय नाही ते तपासा. आपल्याकडे घरोघरी ‘किचन ट्रॉली’ म्हणतात, पण साइटवाले ‘मॉड्युलर किचन’च लिहितात. ‘किचन ट्रॉली’ रोमन आणि देवनागरी दोन्ही लिपींत टाइप करून गूगल पुढे काय सुचवतं ते टिपा. स्पर्धकाच्या एकाही टायटलमध्ये ते शब्द नसतील, तर तुमचं पहिलं नवं पान त्यावरच करा.